पणजोबांचं नाव टाकलं आणि शून्य निकाल आले

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात 'मराठा पलटणीत' होते, मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकमध्ये) लढले आणि परत आले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये त्यांचं नाव टाकलंत. निकाल शून्य. मग नुसतं 'मेसोपोटेमिया' टाकलंत, तर इतके निकाल आले की तिसऱ्या पानानंतर तुम्ही नाद सोडलात. आता पुढे काय करायचं, आणि चुकतंय कुठे, असं तुम्ही विचारलंय.

चूक तुमची नाही. ती शोधपेटी गूगलसारखी दिसते, सगळा घोटाळा तिथेच आहे. गूगल पानांवरचा मजकूर शोधतं. अभिलेखागाराचा कॅटलॉग कागदातला मजकूर शोधत नाही. कागदांच्या गठ्ठ्यावर कुणीतरी जी चिठ्ठी लावून ठेवलीय, फक्त तीच तो वाचतो. पाचशे पानांची फाइल असली तरी कॅटलॉगात तिच्या वाट्याला पुष्कळदा एकच ओळ येते. ती ओळ म्हणजे बहुधा फाइल सांभाळणाऱ्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी घातलेलं शीर्षक. उद्या साहेबाने मागितली तर फाइल चटकन हाती लागावी, इतकाच त्याचा हेतू. तुमचे पणजोबा त्या फाइलीत चाळीसाव्या पानावर असतील, पण त्या एका ओळीत ते असायचं काही कारण नव्हतं.

मी गेली वीसेक वर्षं या कॅटलॉगांमध्ये शोध घेतोय, आधी स्वतःच्या अभ्यासासाठी आणि नंतर इतरांसाठीही. नवख्या माणसाचा पहिला आठवडा जवळपास नेहमीच तुमच्यासारखा जातो. माणसाचं नाव टाकायचं, काही मिळत नाही म्हणून हताश व्हायचं, मग एखादा मोठा शब्द टाकायचा आणि निकालांत बुडायचं. या दोन्हींच्या मधली वाट एका प्रश्नातून निघते: हा माणूस कोणत्या कार्यालयाच्या कामात आला होता, आणि त्या कार्यालयाने त्याबद्दल काय लिहून ठेवलं असेल?

हा प्रश्न का, ते सांगतो. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावतात. अभिलेखागारात तसं करत नाहीत. कागद ज्या कार्यालयात तयार झाले त्या कार्यालयाच्या नावाने ते एकत्र ठेवायचे, विषयानुसार फोडायचे नाहीत, हे तत्त्व १८४१ साली फ्रान्समध्ये एका सरकारी परिपत्रकाने घालून दिलं आणि पुढे जगभर रूढ झालं. त्यामुळे अभिलेखागारात 'पहिलं महायुद्ध' असं कपाट नसतं. युद्ध खातं, परराष्ट्र खातं, गृह खातं अशी कपाटं असतात आणि युद्ध त्या सगळ्यांत विखुरलेलं असतं.

कॅटलॉगची रचनाही याच अंगाने जाते. आधी खातं, त्याखाली मालिका, मालिकेत फाइल किंवा बाड, आणि क्वचित त्यातला एकेक कागद. क्यूच्या कॅटलॉगचं नाव डिस्कव्हरी. त्यात 'डब्ल्यूओ ९५' असा संदर्भ दिसला तर डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्ध खातं, आणि ९५ हा मालिकेचा क्रमांक. पुढे तिरपी रेघ देऊन येतो तो त्या मालिकेतल्या बाडाचा क्रमांक. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'रेकॉर्ड ग्रुप' असतात. नावं वेगळी, पायऱ्यांची उतरंड तीच.

आता यातला सगळ्यात मोठा खड्डा. वर्णन कसं लिहायचं याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयसॅड-जी. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जचं हे मानक १९९४ साली आलं, सुधारित आवृत्ती २००० ची. त्यातला एक नियम असा की वरच्या पायरीवर जे सांगितलं ते खालच्या पायरीवर पुन्हा सांगायचं नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने नियम शहाणा आहे. शोधणाऱ्याचा मात्र तो घात करतो. समजा मालिकेच्या मथळ्यात 'मेसोपोटेमिया' आहे, मधल्या पायरीवर ब्रिगेडचं नाव आहे, आणि तळाच्या ओळीत फक्त 'जानेवारी ते डिसेंबर १९१६'. तुम्ही शोधपेटीत 'मेसोपोटेमिया' आणि '१९१६' एकत्र टाकलंत, तर तुम्हाला हवी तीच ओळ निसटायची शक्यता असते, कारण दोन्ही शब्द एका ओळीत नाहीतच. काही कॅटलॉग वरच्या पायऱ्यांचे शब्द खालीही धरतात, काही धरत नाहीत. ज्या कॅटलॉगात काम करायचंय तिथे आधी एक माहितीतली नोंद घेऊन हे तपासून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

कार्यालयाचा विचार करायचा म्हणजे काय, ते तुमच्या विषयापासून जरा लांबच्या उदाहरणाने दाखवतो. १८९६ पासूनच्या प्लेगवर कागद हवेत म्हणून एक विद्यार्थिनी 'आरोग्य' या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकून थकली होती. तेव्हाच्या भारत सरकारात आरोग्य नावाचं खातंच नव्हतं. हा कारभार गृह खात्याच्या 'सॅनिटरी' शाखेत चालायचा, आणि तिथे प्लेगच्या कामकाजाची पुढे वेगळी बाडंच झाली. 'सॅनिटरी' हा शब्द हाती आल्यावर तिला एका दुपारी महिन्याभराचं वाचन मिळालं. रेल्वेचंही तसंच. १९०५ साली रेल्वे बोर्ड आलं, त्याआधीचे कागद सार्वजनिक बांधकाम खात्यात. 'फॉरेन डिपार्टमेंट' १९१४ पासून 'फॉरेन अँड पोलिटिकल' झालं. फिल्टरमध्ये एकच नाव निवडलंत तर निम्मी वर्षं गळतात आणि गळल्याचं कळतही नाही. म्हणून ज्या काळात शोधायचं त्या काळात कारभार कुणाकडे होता, हे शोधपेटीत एक अक्षर टाकण्यापूर्वी कागदावर लिहून काढा. कॅटलॉगात मालिकेच्या मथळ्याला टिचकी मारली तर 'प्रशासकीय इतिहास' असा परिच्छेद पुष्कळदा असतो. तो कुणीच वाचत नाही. तुम्ही वाचा.

आता तुमचे पणजोबा. सरकारने एका शिपायाबद्दल काय काय लिहून ठेवलं असेल? भरतीची नोंद, पगारपत्रक, जखमी झाल्यास त्याची नोंद, मेडलची यादी, पेन्शन. यातलं बरंचसं पलटणीच्या आणि भारतातल्या कचेऱ्यांच्या पातळीवर राहिलं, लंडनला गेलं नाही. क्यूमध्ये त्यांच्या नावाची फाइल मिळेल ही आशा म्हणूनच सोडून द्या. पण त्यांची पलटण रोज कुठे होती, कधी कूच केलं, कुठे चकमक झाली, हे मात्र तिथे आहे. डब्ल्यूओ ९५ ही मालिका म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या तुकड्यांच्या युद्ध-डायऱ्या. आधी आघाडी, मग डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटण अशी ती लावलेली आहे. जखमी किंवा मृत अधिकाऱ्यांची नावं डायरीत येतात. शिपायांचे बहुधा फक्त आकडे. माणसं मोजायची, नावं लिहायची नाहीत, हा त्या कागदांचा खाक्या आहे आणि तो गृहीत धरूनच शोधावं लागतं.

तर पहिला टप्पा म्हणजे पलटण ओळखणं. 'मराठा पलटण' हे घरातलं नाव झालं. आजचं नाव मराठा लाइट इन्फंट्री, आणि तुम्ही बहुधा तेच टाकलं असणार. इथे तीन गोष्टी एकावर एक आडव्या येतात.

एक, स्पेलिंग. तेव्हाचा सरकारी शब्द आजच्यासारखा लिहीत नसत. अक्षरं सुटी करून सांगतो: एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. एच आधी, मग आर, आणि टी दोनदा. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर जुन्या शीर्षकांतलं जवळपास काहीच हाती लागणार नाही.

दोन, क्रमांक. त्या वेळी मराठा पलटण एक नव्हती. १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फंट्री, तर ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या मराठा, अशा सहा पलटणी होत्या. १९०३ च्या फेररचनेत मुंबईच्या जुन्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात सरळ शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरी झाली एकशे तिसरी. १९२२ साली पुन्हा उलथापालथ झाली आणि या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणजे एकाच पलटणीला वीस वर्षांत तीन नावं. पणजोबा १९२४ ला निवृत्त झाले असतील तर घरातल्या कागदावर वेगळा क्रमांक असेल आणि युद्ध-डायरीवर वेगळा.

तीन, कॅटलॉगातली संक्षेपाची तऱ्हा. 'इन्फंट्री' कुठे पूर्ण लिहिलेलं, कुठे 'इन्फ.', कुठे तुकडीचा क्रमांक आकड्यात, कुठे त्यापुढे इंग्रजी क्रमवाचक अक्षरं लावून. म्हणून पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकू नका. आधी मालिका डब्ल्यूओ ९५ पुरती मर्यादित करा, आणि मग पेटीत फक्त तो एक जुना मराठा शब्द टाका. हजारो निकालांचे मूठभर होतील. ते डोळ्यांनी वाचा. इंग्लंडच्या कॅटलॉगात आपली पलटण शोधायला मला अजून तरी याहून सोपी रीत सापडलेली नाही. निकाल कमी करायला शब्द वाढवू नका, मालिका आवळा. वाढवलेला प्रत्येक शब्द हा एक जुगार असतो, तो कारकून नेमका तोच शब्द लिहून गेला असेल यावरचा.

मग त्यातली एखादी नोंद उघडा आणि वरच्या पायऱ्या बघा: कोणती ब्रिगेड, कोणती डिव्हिजन. ११० वी सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन कूत-अल-अमारात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. पणजोबा तिच्यात असतील तर पुढची दोन-अडीच वर्षं ते युद्धकैदी असण्याची शक्यता आहे. मग शोध युद्ध-डायरीकडून युद्धकैद्यांच्या पत्रव्यवहाराकडे, म्हणजे दुसऱ्याच मालिकांकडे वळतो. पलटणीचा क्रमांक आधी पक्का करा असं म्हणतो ते यासाठी.

स्पेलिंगबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण मराठी नावांचे कागद शोधताना निम्मा वेळ तिथेच जातो. इंग्रज अधिकारी कानावर पडेल तसं लिहायचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत लिप्यंतराला धड एकच पद्धत नव्हती. शिंदे सिंदिया होतात, गायकवाड गायकवार होतात आणि तेही दोन-तीन तऱ्हांनी. ठाण्याचं टाना, खडकीचं किर्की. अहमदनगरच्या शेवटी 'नगर'च्या जागी 'नग्गर'सारखं काहीतरी. वसईचं बसीन. ते तर मला चांगलंच महाग पडलं होतं. वसईच्या किल्ल्यावर काम करताना बसीन टाकलं, भरघोस निकाल आले, आनंदाने चार फाइली मागवल्या. त्यातल्या तीन निघाल्या ब्रह्मदेशातल्या तांदळाच्या व्यापारावर. तिथेही बसीन नावाचं बंदर होतं, आज ते पाथेन आहे. शीर्षकात फक्त 'बसीन' होतं. वरच्या पायरीवर 'बर्मा' लिहिलेलं होतं, मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे तारका. बहुतेक कॅटलॉगांत शब्दाच्या शेवटी तारकेचं चिन्ह दिलं की पुढे काहीही चालतं. जाधव आडनावाची सुरुवातीची तीन इंग्रजी अक्षरं, जे-ए-डी, आणि पुढे तारका, एवढं टाकलं की जाधव, जाधो, जादो, जादव सगळे एका जाळ्यात येतात. सोबत भलतेही येतील, पण ते डोळ्यांनी बाजूला काढता येतात. जे आलेच नाहीत ते कसे काढणार? तारका शब्दाच्या सुरुवातीला मात्र पुष्कळ ठिकाणी चालत नाही, त्यामुळे पहिलंच अक्षर बदलणाऱ्या नावांना वेगवेगळं शोधावं लागतं. कुलकर्णी 'के'ने लिहिला असेल किंवा 'सी'ने.

वंशावळीच्या संकेतस्थळांवर 'सारखा उच्चार' अशी सोय असते. तिच्यावर फार विसंबू नका. तिच्या मुळाशी बऱ्याचदा साउंडेक्स नावाची रीत असते. तिचं पेटंट १९१८ सालचं, आणि ती इंग्रजी आडनावांसाठी बेतलेली. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. इंग्रजांच्या स्मिथचं आडनाव आय घालून लिहा की वाय घालून, दोन्हींचा संकेत एस ५३० येतो, म्हणजे काम होतं. पण जाधवचा संकेत जे ३१० आणि जाधोचा जे ३००. एका 'व्ह'ने फारकत. आणि के-चा कुलकर्णी आणि सी-चा कुलकर्णी तर पहिल्या अक्षरालाच वेगळे. म्हणून आपली यादी आपणच करावी. मी प्रत्येक नावासाठी एक पान ठेवतो आणि कागदांत सापडलेलं प्रत्येक नवं स्पेलिंग त्यावर उतरवतो, कुठे सापडलं त्यासकट. काही वर्षांत ते पान कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी होतं.

आडनावच नसण्याची तयारीही ठेवा. जुन्या याद्यांत 'अमुक बिन तमुक' असं नाव आणि वडिलांचं नाव, एवढंच पुष्कळदा असतं.

शब्दांचंही वय बघा. त्या काळचे लोक 'पहिलं महायुद्ध' म्हणत नव्हते. दुसरं झाल्याशिवाय पहिलं कसं म्हणणार? तेव्हा ते 'ग्रेट वॉर'. मनोरुग्णालयाला आज आपण वापरणार नाही असे शब्द शीर्षकांत आहेत, आदिवासी जमातींनाही आहेत. ते टाकताना बरं वाटत नाही, पण न टाकता फाइल मिळत नाही. शहरांची नावं काळाप्रमाणे बदला: सेंट पीटर्सबर्ग १९१४ ते १९२४ पेट्रोग्राड होतं आणि १९९१ पर्यंत लेनिनग्राड. तुमच्या बाबतीत 'इराक' टाकून बघितलंत का माहीत नाही, पण १९१६ च्या फाइलीवर तो शब्द क्वचित मिळेल.

शोधपेटीच्या खाणाखुणा फार नाहीत. अवतरणचिन्हांनी शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो. ॲण्ड, ऑर, नॉट हे शब्द बऱ्याच ठिकाणी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले तरच चालतात. 'ऑर' सगळ्यात उपयोगी, पर्यायी स्पेलिंगं एकाच फेरीत टाकता येतात. 'नॉट' जपून, तो नको असलेल्यांबरोबर हवं असलेलंही घेऊन जातो. प्रत्येक कॅटलॉगच्या मदत-पानावर हे सगळं एका पानात दिलेलं असतं.

तारखेचा फिल्टर मात्र शेवटी लावा, आधी कधीच नाही. १८९० ते १९३० असं बाड असेल आणि तुम्ही १९१६ निवडलंत, तर काही कॅटलॉग ते दाखवतात, काही फक्त सुरुवातीचं वर्ष बघतात आणि गाळतात. ज्याला तारीखच नोंदवलेली नाही ते तर हमखास गळतं. शिवाय फाइलीवरची तारीख म्हणजे घटनेची तारीख असं समजू नका. १९१६ च्या लढाईतल्या माणसाच्या पेन्शनचा वाद १९२३ च्या फाइलीत असू शकतो. ब्रिटनमधले १७५२ च्या आधीचे कागद बघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तोवर इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतले कागद आपल्या हिशोबाच्या एक वर्ष आधीचे नोंदलेले सापडतात.

'फक्त ऑनलाइन उपलब्ध' ही खूण आधी काढून टाका. डिजिटल रूपात आलेले कागद एकंदर साठ्याचा छोटा तुकडा आहेत. स्क्रीनवर कागद उघडत नाही म्हणून तो नाही, असं मानणारे मला दर महिन्याला भेटतात. आधी कागद आहे हे शोधा. तो बघायचा कसा, हा नंतरचा विषय.

शोधण्याइतकंच, किंबहुना जास्तच, मिळतं ते चाळण्यातून. एक नोंद बरोबर सापडली की शोधपेटी सोडा आणि त्या नोंदीच्या आजूबाजूला फिरा. निकाल 'सुसंगती'ऐवजी संदर्भ क्रमांकाने लावा. मग मागची आणि पुढची बाडं ओळीने दिसतात. ज्यांनी आपल्या दप्तरखान्यात बसून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडलेत त्यांना हे सांगायला नको. हवा तो कागद मागितलेल्या रुमालात नसतो, शेजारच्या रुमालात असतो. वसाहतकाळच्या सरकारी फाइलींत तर ही शेजारधर्माची सोय मुद्दाम केलेली आहे. भारत सरकारच्या कामकाजाच्या बाडांची 'ए', 'बी' आणि 'डिपॉझिट' अशी प्रतवारी असे. महत्त्वाचं ते 'ए', नेहमीचं ते 'बी'. सर्वसामान्य माणसाची रड, अर्ज-विनंत्या आणि किरकोळ तक्रारी 'बी' आणि 'डिपॉझिट'मध्ये जास्त मिळतात, आणि संशोधक मात्र 'ए'मध्येच गर्दी करतात. शीर्षकाशेजारी 'के. डब्ल्यू.' दिसलं तर सोडू नका. 'कीप विथ', म्हणजे मूळ फाइलीबरोबर ठेवलेली टिपणं. साहेब लोकांचे खरे मतभेद बऱ्याचदा त्यातच असतात.

दुसरी वाट उलटी येते. तुमच्या विषयावर कुणी अभ्यासपूर्ण पुस्तक किंवा प्रबंध लिहिला असेल तर त्याच्या तळटिपा उघडा. तिथे खातं, शाखा, प्रत, महिना, क्रमांक असा पूर्ण पत्ता असतो. तो कॅटलॉगच्या संदर्भ-शोधात टाका आणि तिथून शेजार चाळा. कुणीतरी दहा वर्षं घालवून शोधलेला दरवाजा तुम्हाला फुकटात मिळतो. मेसोपोटेमियातल्या भारतीय सैन्यावर बरंच लिहिलं गेलंय. मी तुमच्या जागी असतो तर शोधपेटीच्या आधी तळटिपांकडे गेलो असतो. तळटिपेतला क्रमांक जुळला नाही तर घाबरू नका, बाडांना नंतर नवे क्रमांक दिलेले असतात. तपशिलाच्या पानावर 'पूर्वीचा संदर्भ' असा रकाना आहे का बघा.

एका ठिकाणी सगळं नसतं, हेही लक्षात असू द्या. भारताच्या सैन्याचे लंडनमधले कागद दोन घरांत आहेत: युद्ध खात्याचे क्यूमध्ये, आणि इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याचे, ब्रिटिश लायब्ररीत. त्यांचे संदर्भ आयओआर या अक्षरांनी सुरू होतात, आणि लष्करी खात्याचे पुढे एल आणि एमआयएल लावून. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल वेगळं. आखातातल्या ब्रिटिश कारभाराचे इंडिया ऑफिसचे बरेच कागद कतार डिजिटल लायब्ररीवर पानापानाने उघडे आहेत, आणि मेसोपोटेमियासाठी तिथे जरूर डोकवा. तिथे टंकलिखित आणि छापील पानांचा मजकूरही यंत्राने वाचून शोधता येतो. यंत्र चुकीचं वाचतं, हे मात्र धरून चाला.

शून्य निकालाचा अर्थ काय, यावर दोन शब्द. कागद आहे पण शीर्षकात नाही, ही शक्यता सगळ्यात मोठी. आहे पण कॅटलॉगमध्ये अजून घेतलेलाच नाही, ही त्याखालोखाल. आणि कधीकधी तो खरोखरच नसतो. १९४० च्या सप्टेंबरात लंडनवरच्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून अधिक जळाल्या. १९२२ साली डब्लिनचं सरकारी दप्तर आगीत गेलं. अमेरिकेत सेंट लुइसला १९७३ च्या आगीत सैनिकांच्या १६० ते १८० लाख फाइली नष्ट झाल्या. हे आधी माहीत असलं की आपण त्या भिंतीवर डोकं आपटत बसत नाही. दुसऱ्या खात्यात त्याच माणसाची सावली शोधतो.

जे शोधलंत ते लिहून ठेवा: कोणता कॅटलॉग, कोणते शब्द, किती निकाल, कोणती तारीख. न सापडलेलंही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच शब्द पुन्हा टाकाल. संदर्भ क्रमांक पूर्ण उतरवा, विराम आणि तिरप्या रेघांसकट. एका अभिलेखागारात मी एकदा फाइलीच्या पानांचे शंभरेक फोटो काढले आणि मुखपृष्ठाचा काढायला विसरलो. ते फोटो आजही माझ्याकडे आहेत, आणि ते कोणत्या फाइलीचे हे सांगता येत नसल्याने लेखात एकही वापरता आला नाही. आता मी संदर्भाची चिठ्ठी प्रत्येक फोटोत पानाच्या कडेला ठेवतो. कॅटलॉगातली हवी ती पानं स्वतःकडे उतरवून ठेवायलाही विसरू नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत होत्या. ज्यांच्या वहीत क्रमांक होते त्यांचं काम त्यामानाने कमी अडलं.

एवढं करूनही अडलात तर अभिलेखागाराला ईमेल करा. 'माझ्या पणजोबांची माहिती हवी' असं लिहिलंत तर ठरावीक उत्तर येईल. 'या मालिकेत या शब्दांनी शोधलं, या दोन नोंदी पाहिल्या, ११० व्या पलटणीची १९१७ नंतरची डायरी कोणत्या बाडात आहे?' असं लिहिलंत तर उत्तर देणाऱ्यालाही हुरूप येतो.

आता तुमच्यासाठी पहिलं काम, आणि त्याला कॅटलॉग लागत नाही. घरात पणजोबांचं मेडल आहे का विचारा. देवघरात, पेटीत, कुणा आत्याकडे. एका बाजूला राजा पाचव्या जॉर्जचं मस्तक आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार व १९१४-१९१८ ही वर्षं असलेलं मेडल असेल तर त्याची पुढची-मागची बाजू सोडा आणि कड बघा. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा. त्या कडेवर ठोकलेल्या बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. पंखांची देवता असलेलं दुसरं मेडल असेल तर त्याच्या कडेवरही. घोडेस्वाराचं मेडल चांदीचं आहे की ब्राँझचं तेही बघा. ब्राँझचं बहुधा लढणाऱ्या शिपायांना दिलेलं नसायचं, मजूर तुकड्यांसारख्यांना दिलेलं असायचं. तसं निघालं तर पणजोबा लढणारे शिपाई नसावेत, एखाद्या लेबर कोअरमध्ये किंवा पलटणीबरोबरच्या बिगरलढाऊ नोकरांत असावेत; नेमकं कुठे ते कडेवरच्या तुकडीच्या नावावरून ठरवा, आणि मगच कोणत्या मालिका उघडायच्या ते बघा.

कडेवरचं नाव जसं आहे तसं, एकही अक्षर न सुधारता उतरवून घ्या आणि इथे लिहा. पणजोबांच्या नावाचं सरकारी स्पेलिंग तेच. पुढच्या शोधात पेटीत ते टाकू, त्यांच्या पलटणीच्या क्रमांकासोबत.